मिनिमलिझम सुरू करायचाय? मग माळ्यावर आत्ताच चढू नका

आम्ही पुण्यात भाड्याच्या घरात राहतो आणि गेल्या नऊ वर्षांत तीन घरं बदलली. तिसऱ्यांदा सामान बांधताना माळ्यावरून एक खोका खाली काढला, त्याच्यावर माझ्याच अक्षरात मार्करनं लिहिलेलं, ‘किचन, नंतर लागेल’, आणि त्याची चिकटपट्टी अजून तशीच होती. म्हणजे आधीच्या शिफ्टिंगला बांधलेला खोका चार वर्षांत एकदाही उघडला नव्हता, तो टेम्पोत भरला, तिसऱ्या मजल्यावर चढवला, हमालाला त्याचे पैसे दिले, माळ्यावर सरकवला आणि आता परत उतरवत होतो. उघडला तर आत काचेचे सहा बाउल, एक सँडविच टोस्टर, बर्फाचे ट्रे आणि कुठल्यातरी लग्नात मिळालेला लेमन सेट. त्या दिवशी मी जिन्यात बसून बराच वेळ त्या खोक्याकडे बघत होते. तिथून हे सगळं सुरू झालं, त्याला आता तीन वर्षं होतील, आणि या तीन वर्षांत जे जमलं, जे चुकलं ते नीट सांगते, म्हणजे तुम्हाला सुरुवात करायला सोपं जाईल.

आधी एक गैरसमज काढूया. मिनिमलिझम म्हटलं की पांढरी भिंत, एक कुंडी, एक खुर्ची असे फोटो येतात. आपल्या घरात चार-पाच माणसं असतात, सणवार असतात, पाहुणे मुक्कामाला येतात, त्या फोटोसारखं घर आपलं होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. आणि त्या फोटोसाठी घरातले चांगले स्टीलचे डबे काढून एकसारख्या काचेच्या बरण्या विकत आणणं ही तर नवीन खरेदीच झाली. मी याचा अर्थ एवढाच घेते, की घरात जे आहे ते वापरात असावं किंवा मनापासून जपलेलं असावं, ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून पडलेलं नसावं.

एक हिशोब करून बघा, मला याचा फार उपयोग झाला. समजा घर ४५० चौरस फुटांचं आहे आणि भाडं १८,००० रुपये, म्हणजे एका चौरस फुटाला महिन्याला ४० रुपये. आता घरभर फिरून बंद कपाटं, दिवाणाखालची जागा, बाल्कनीतला कोपरा, दारामागचा ढीग असं न वापरलेल्या सामानाखाली किती जागा जाते ते टेपनं मोजा. ६० चौरस फूट निघाली तर महिन्याला २,४०० रुपये आणि वर्षाला २८,८०० रुपये आपण त्या सामानाचं भाडं भरतोय. स्वतःचं घर असेल तर हप्त्याला भागाकार करा, आकडा त्याहून मोठा येईल.

पहिलं काम: नळ बंद करा

माझी पहिली चूक इथंच झाली. मी सरळ माळ्यावर चढले, दोन दिवसांत अकरा पोती सामान घराबाहेर काढलं, घर एकदम मोकळं वाटलं, आणि दिवाळी होऊन संक्रांत येईपर्यंत कपाटं परत भरली. टाकी भरून वाहायला लागली की आपण आधी नळ बंद करतो, फडकं नंतर आणतो. घराचं पण तेच आहे. म्हणून पहिला महिना काहीही टाकू नका, फक्त दाराजवळ एक वही ठेवा आणि घरात येऊन राहणारी प्रत्येक वस्तू त्यात लिहा. भाजी, किराणा, दूध नाही लिहायचं, जे संपत नाही ते लिहायचं. कुणी दिलं, कुठून आलं तेही लिहा.

आमच्या वहीत पहिल्या महिन्यात ४३ वस्तू झाल्या. त्यातल्या आम्ही स्वतःहून ठरवून आणलेल्या १९ होत्या. बाकीच्या २४ आपसूक आल्या: वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमधल्या पेन्सिल पेट्या, चहापत्तीबरोबर फुकट मिळालेला डबा, बारशाला मिळालेला ट्रे, ऑफिसमधली बॅग, श्रीखंडाचे धुऊन ठेवलेले डबे. तेव्हा मला कळलं की आपल्याकडे पसारा नुसत्या खरेदीनं होत नाही, देण्याघेण्यातून फार होतो. हे परदेशातल्या व्हिडिओंमध्ये सापडत नाही कारण तिकडे संक्रांतीचं हळदीकुंकू नसतं.

वाणाबद्दल जरा जास्त बोलते कारण माझ्या मते बायकांच्या हातात असलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, मी त्या वर्षी सतरा घरी गेले आणि सतरा वस्तू घरी आल्या, प्लास्टिकच्या चाळण्या, साबणाच्या डब्या, छोटे वाडगे, पिना ठेवायच्या पेट्या. मी स्वतः पंचवीस जणींना तसलंच काहीतरी दिलं. म्हणजे सोसायटीतल्या सगळ्याजणी मिळून एकमेकींच्या घरात नको असलेलं सामान भरत होतो, तेही प्रेमानं. आणि बघा, सुगडात आपण काय भरतो? उसाचे करवे, बोरं, हरभरा, गाजर, गव्हाच्या ओंब्या, तीळ. सगळं खायचं आणि संपणारं. चाळणी त्यात कुठेच नाही. तेव्हापासून मी संपणारंच वाण देते: कागदाच्या पुडीत मेथीचं नाहीतर पालकाचं बी, घरी वळलेल्या फुलवाती, गावाकडची हळद, एका वर्षी इंद्रायणी तांदूळ दिला अर्धा अर्धा किलो. कुणाला कमी वाटलं नाही, उलट दुसऱ्या वर्षी तिघीजणींनी तेच केलं. हळदीकुंकू बंद करायचं नाही, ते फार सुंदर आहे, फक्त हातात काय द्यायचं ते बदलायचं.

आहेराचं पण असंच. पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ छापलं तरी लोक आणतात, कारण रिकाम्या हातानं जाणं आपल्याला जमत नाही. पण आपल्याकडे पाकिटाची पद्धत आहेच की, ५०१ रुपये घालून द्या, नव्या संसाराला तेच जास्त लागतात. कुणी आपल्याला विचारलं ‘काय आणू’ तर ‘काही नको’ म्हणू नका, त्यानं काहीतरी येतंच. स्पष्ट सांगा, ‘येताना आंबे आण’ किंवा ‘पोरांना घेऊन ये, रात्रीचं जेवूनच जा’. आणि ब्लाउज पीस! ओटीतले ब्लाउज पीस घराघरांतून फिरत राहतात, कुणीच शिवत नाही. माझ्याकडे ३१ निघाले. सुती होते त्यांच्या शिंप्याकडून भाजीच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि पुढच्या ओटीला त्याच दिल्या. ओटीत पिशवी बघून एका मावशींना आधी वेगळं वाटलं, पण आता मंडईत त्यांच्या हातात तीच पिशवी असते.

ऑनलाइनचं थोडक्यात सांगते. खरेदीच्या ॲपमध्ये सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका, नोटिफिकेशन बंद करा, आणि काही घ्यावंसं वाटलं की त्याच वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहा. घ्यायचं की नाही ते पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ठरवायचं. सेल चालू असेल तरी. मी लिहिलेल्यापैकी बऱ्याच गोष्टी एक तारखेला मला आठवतच नव्हत्या. नो कॉस्ट ईएमआय दिसला तर अजून सावध, कारण तिथं वस्तूची गरज किती हा प्रश्न मागे पडतो आणि हप्ता परवडतो का एवढंच आपण बघतो.

पाडवा ते पाडवा

आता घरातल्या सामानाकडे वळूया. इंटरनेटवर सगळीकडे एक नियम सापडतो, तीन महिने वापरलं नाही ते काढून टाका. आपल्या घरात हा नियम लावला तर चकलीचा सोऱ्या जाईल, मोदकपात्र जाईल, पुरणयंत्र, आकाशकंदील, गणपतीचं मखर, समया, गुढीची काठी, छत्र्या, रेनकोट सगळं जाईल आणि पुढच्या वर्षी परत विकत आणावं लागेल. आपल्या घराचं चक्र वर्षाचं आहे. म्हणून मी गुढीपाडवा ते गुढीपाडवा असा नियम केला. ज्या वस्तूबद्दल शंका आहे तिच्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, त्यावर तारीख लिहायची, आणि वस्तू वापरली की पट्टी काढायची. पुढच्या पाडव्याला जिच्यावर पट्टी राहिली असेल ती घरातून जाणार, त्यात मग चर्चा नाही. मधल्या काळात सगळे सण, पावसाळा, उन्हाळ्यातली वाळवणं, पाहुणे, लग्नसराई होऊन गेलेली असते, त्यामुळे ‘लागलं असतं’ असं म्हणायला जागाच उरत नाही. टॉर्च, हत्यारांची पेटी, प्रथमोपचार यांना पट्टी लावू नका, ते न वापरलं गेलं तर चांगलंच आहे.

पाडव्याची वाट बघायची नाही, वहीचा पहिला महिना झाला की लगेच सुरू करा, फक्त तारीख घाला. आणि सुरुवात सोप्या ठिकाणावरून करा. एक ड्रॉवर, तोही चार्जर-वायरींचा. ज्या वायरीचं यंत्रच घरात नाही ती कशाला ठेवायची? नंतर औषधांचा डबा, मुदत संपलेली औषधं बाजूला काढा, आणि ती ‘कुणालातरी उपयोगी पडतील’ म्हणून अजिबात देऊ नका. या दोन ठिकाणी मन गुंतत नाही, तासाभरात होतं, हात बसतो. फोटो, पत्रं, बाळाचे पहिले कपडे यांना सुरुवातीला हातच लावू नका. पुस्तकांबद्दल मी कडक नाही, मला ती घरात भरपूर असलेली आवडतात, पण परीक्षांची जुनी गाइडं म्हणजे पुस्तकं नव्हेत, ती रद्दीत द्या.

कपड्यांसाठी एक प्रयोग सांगते. माझी आत्या आषाढी वारीला जाते, आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणं, अठरा-वीस दिवस. तिची पिशवी मी एकदा भरून दिली होती: तीन साड्या, एक स्वेटर, पातळ चादर, अंगावर घ्यायचा प्लास्टिकचा कागद, ताट-तांब्या, गोळ्या, टॉवेल. बास. त्यात पावसानं साड्या वाळत नाहीत, तरी तिचं अडत नाही, आणि परत येते तेव्हा इतकी ताजीतवानी असते की बघत राहावं. तर तुम्ही पण तीन आठवड्यांच्या प्रवासाला निघाल्यासारखी एक बॅग भरा आणि घरातच राहून तीन आठवडे त्याच बॅगेतले कपडे घाला, ऑफिसला, बाजारात, सगळीकडे. कपाट उघडायचंच असेल तर उघडा, पण जे काढलं ते लिहून ठेवा. तीन आठवड्यांनी ती यादी आणि ती बॅग मिळून तुमचे खरे कपडे असतात. मी सात जोड भरले होते, यादीत फक्त तीन वाढले. ऑफिसात कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

साड्यांचं मात्र वेगळं आहे. रेशमी साडी एकाच घडीत वर्षानुवर्षं पडून राहिली की घडीवर विरते, जर तुटते. म्हणजे जपून ठेवली म्हणून ती टिकते असं नाही, न नेसताच संपते. आमच्या घरी एक जुनी पैठणी अशीच गेली, कुणीच नेसलं नाही आणि उलगडली तर घडीच्या रेषेवर फाटत गेली, अजून वाईट वाटतं. ज्या ठेवायच्या त्या मऊ सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, डांबरगोळी थेट साडीत नको, आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. आता मोजा, अशी काळजी तुम्ही किती साड्यांची घेऊ शकता? माझा आकडा बारा आला. तेवढ्या ठेवल्या. बाकीच्या नेसणाऱ्यांना दिल्या, एका साडीचं भाचीला परकर-पोलकं झालं, आणि मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून घेतली. गोधडी हा तर आपला किती जुना आणि शहाणा मार्ग आहे, आईच्या साड्या अंगावर घेऊन नातवंडं झोपतात.

स्वयंपाकघरात एक रविवार द्या. सगळे डबे आणि सगळी झाकणं जमिनीवर मांडा, जोड्या लावा, ज्याला जोडीदार नाही ते बाजूला. मग रोजची भांडी ओट्याजवळ, सणाची वरच्या फळीवर, आणि शंकेची पट्टी लावून. नॉनस्टिकची पापुद्रे निघालेली भांडी ताबडतोब काढा. आणि तांब्या-पितळेची मोडीत घालायची घाई करू नका, वजनावर पैसे मिळतात खरे, पण पितळेचं जाड पातेलं वेळोवेळी कल्हई करून घेतलं तर पन्नास वर्षं जातं. आमच्याकडे आता एक पितळी पातेलं, दोन लोखंडी कढया, तवा, कुकर आणि चार स्टीलची पातेली यांवर रोजचा पाच माणसांचा स्वयंपाक होतो. भांडी कमी असली की ती लगेच घासली जातात, सिंक भरत नाही, हा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा.

कागदांचं आटोपतं सांगते: घराचे, बँकेचे, विम्याचे, शिक्षणाचे मूळ कागद एका फाईलमध्ये, इन्कम टॅक्सचे सात-आठ वर्षांचे तरी ठेवा, व्यवसाय असेल तर सीएला विचारा. आधार, लायसन्स, आरसी डिजिलॉकरला असतात, त्यांच्या दहा-दहा झेरॉक्सची गरज नाही. घरात नसलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड टाकून द्या. ज्या कागदावर आधार नंबर किंवा खातं नंबर आहे तो रद्दीत देण्याआधी फाडा.

दुसऱ्याच्या वस्तूंना हात नाही

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि मी ते उशिरा शिकले. आई आमच्याकडे राहते. मी त्या उत्साहात तिच्या नकळत पाच-सहा रिकाम्या बरण्या आणि एक चेपलेला ॲल्युमिनियमचा डबा भंगारात दिला. ती काही बोलली नाही, पण दोन दिवस नीट जेवली नाही. मग एका रात्री तिनं सांगितलं. आई साताऱ्याच्या माण तालुक्यातली, १९७२ च्या दुष्काळात ती नऊ वर्षांची होती. आजी खडी फोडायच्या कामावर जायची, आई तिच्याबरोबर. घरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी, आणि कामावर मिळायची ती सुकडी, म्हणजे पिठाचा पौष्टिक खाऊ. आजी स्वतःच्या वाटची सुकडी न खाता धाकट्या भावंडांसाठी त्या डब्यात आणायची. तो डबा मी तिला न विचारता भंगारवाल्याला देऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिले, पण तो आधीच पुढे गेला होता.

ज्या माणसानं काहीच नसणं बघितलंय, त्याचं ‘असू दे’ आणि आपलं ‘असू दे’ वेगळं असतं. म्हणून नियम एकच, स्वतःच्या वस्तू काढा. नवऱ्याच्या, सासूबाईंच्या, आईच्या, मुलांच्या वस्तू त्यांच्या. फार तर विचारा, ‘हे कुठून आलं होतं गं?’ आणि ऐका. ऐकता ऐकता कधीकधी त्याच म्हणतात, ‘दे आता कुणालातरी.’ आईच्या पिंपावर नाव आणि तारीख कोरलेली आहे, कुणाच्या लग्नात कुणी दिलं ते तिला प्रत्येक भांड्याचं सांगता येतं, ते मी आता फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय. मुलांबाबत खेळणी दोन भागांत करा, एक भाग दोन महिने वर ठेवा, मग अदलाबदल. टाकायचं काय ते त्यांना ठरवू द्या, आमचा सहा वर्षांचा मुलगा आमच्यापेक्षा मोकळ्या हातानं देतो.

काढलेलं द्यायचं कुठे

इथं घाई केली की सगळं कचऱ्यात जातं, म्हणून आधीच ठरवून ठेवा. वापरण्यासारखे कपडे धुऊन, बटणं लावून, इस्त्री नाही तरी घडी करून द्या. फाटका, डागाळलेला कपडा दान म्हणून देऊ नका, घेणाऱ्याचा तो अपमान होतो. गूंज ही १९९९ साली दिल्लीत सुरू झालेली संस्था देशभरातून कपडे घेते, तिथं गावातल्या लोकांनी मिळून रस्ता, विहीर असं काम केलं की त्याचा मोबदला म्हणून कपडे दिले जातात, आणि जुन्या सुती कापडाची सॅनिटरी पॅड पण बनवतात, त्यामुळे सुती बेडशीट वगैरे तिकडे उपयोगी पडतात. बोहारीण येत असेल तर तिला जरूर द्या, पण दहा साड्या देऊन पातेलं घेतलं तर एक पातेलं घरात आलं हे विसरू नका. मी साड्या देते आणि भांडं घेत नाही, तिचा संसार त्याच कपड्यांवर चालतो.

पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे, दारावर कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना विचारलं तर जुन्या वस्तू आणि ई-कचरा कुठे द्यायचा ते त्या सांगतात. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, फोन ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. फोन देण्याआधी त्यातलं सगळं पुसा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. लोखंडी सामान, हत्यारं, जुने पंखे भंगारवाल्याकडे दिले तर ते पुष्कळदा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात पोचतात आणि तिथून कुणीतरी दुरुस्त करून वापरतो, मला ते बरं वाटतं. काढलेली पिशवी घरात आठ दिवसांच्या वर ठेवू नका, नाहीतर त्यातल्या वस्तू हळूहळू परत कपाटात जातात. महिन्याचा पहिला रविवार ठरवून टाका, त्या दिवशी पिशवी घराबाहेर.

आमच्या माळ्यावर या पाडव्याला मोजलं तर पाच गोष्टी आहेत: गणपतीचं मखर, आकाशकंदील, पाहुण्यांच्या दोन गाद्या, एक प्रवासाची बॅग आणि आईची दोन पिंपं. पिंपांना पट्टी लावलेली नाही.